तेवीस डावी पावलं

शेवटी स्टोअरकाकांचा डावा बूट सरकारजमा झाला, आत्याचा कुकर भंगारात जायचा वाचला आणि शिक्केवाल्या बाईंनी तिन्ही मुलांचं अगदी उभं राहून कौतुक केलं.

पण कार्यालयाच्या कागदांत यातलं काहीच घडलेलं नाही. त्यांच्या छापील अर्जात 'बूट' असा रकाना नाही, आणि ज्याला रकाना नाही ते घडत नाही. तेव्हा आपणही वरचं वाक्य वाचलंच नाही असं समजू या आणि सोमवारपासून सुरुवात करू या. सोमवारी सगळ्यांचे सगळे बूट ज्याच्या त्याच्या पायात होते.

"आधी पोहायचं, मग क्रशरवर चढायचं, मग जेवायचं!" भोंग्याने सुट्टीचा बेत जाहीर केला. खाणीच्या पलीकडच्या कड्यावरून दोन कावळे उडाले.

भोंगा बारा वर्षांचा होता आणि त्याला हळू बोलता येत नसे. शाळेत माइक बिघडला की त्यालाच स्टेजवर उभं करायचे.

"पोहायचं नाही. आत्याने फोनवर तीनदा सांगितलंय," त्याची मोठी बहीण म्हणाली. ती खिशात कायम मोजायची टेप बाळगायची, म्हणून तिला सगळे मोजपट्टी म्हणत. ती तेरा वर्षांची होती आणि तिचा कशावरही पटकन विश्वास बसत नसे. आत्ता ती गेटची रुंदी मोजून भिंतीवर खडूने लिहीत होती.

तिसरा होता त्यांचा चुलतभाऊ ढेकूळ. दहा वर्षांचा. जिथे बसवाल तिथे तो बसून राहायचा, म्हणून हे नाव. आत्ता तो बॅगेवर बसला होता.

गेट उघडलं ते स्टोअरकाकांनी. आत्याच्या कामाच्या जागी गोण्या, अवजारं आणि किल्ल्या सांभाळणारे ते एकटेच. हातात ओलं फडकं. त्यांनी आधी गेटची कडी पुसली, मग मोजपट्टीची बॅग पुसली, मग ढेकळाचं तोंड पुसलं आणि जाता जाता भिंतीवरचा खडूचा आकडाही पुसून टाकला.

"अहो काका, ते माप होतं!"

"असेल. घाण दिसत होतं," काका म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी बोट दाखवलं. "कुठेही फिरा. पण दुपारी दोननंतर त्या जुन्या क्रशरकडे जायचं नाही."

पडकी खाण. मधोमध काळं, अजिबात न हलणारं पाणी. एका बाजूला आत्याची शेड आणि स्टोअर. त्यांच्यामागे राखाडी भुकटीचा उंच ढीग. पूर्वी इथे दगड फोडून खडी करायचे, तेव्हाचा उरलेला कच. आणि ढिगाच्या पलीकडे बंद पडलेलं क्रशर. त्याच्या उंच भिंतीतून एक लोखंडी पन्हळ जिभेसारखी बाहेर लोंबत होती.

"का नाही जायचं?" भोंग्याने विचारलं.

"इथे सुरुंग लावणारा एक माणूस होता. एकदा सुरुंग वेळेआधी उडाला. माणूस वर आला, उजवा पाय खाणीत राहिला. तेव्हापासून रोज दुपारी दोनला तो क्रशरकडे जातो. एका पायाने. डाव्या. आणि मग ते बंद क्रशर आपोआप दळायला लागतं."

"पण क्रशरकडे कशाला? पाय तर खाणीत आहे ना?" मोजपट्टीने विचारलं.

काकांनी फडकं घट्ट पिळलं. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता.

"भूत आहे ते," ते शेवटी म्हणाले. "त्याला सगळंच कळतं असं नाही."

मुलं हसली. पण दुपारी दोन वाजले, वारा पडला, आणि ढिगाच्या पलीकडून आवाज आला.

घर्रर्र... खट्. घर्रर्र... खट्.

लोखंडाच्या पोटात कुणी सावकाश, मन लावून दगड चावत असावं तसा! चाळीस मिनिटं तो चालू होता. मग थांबला. हसण्याबद्दल त्यानंतर कुणी काही बोललं नाही.

आत्याच्या केसांत कायम दगड असायचा. म्हणजे दगडाचं पीठ. ती बोलता बोलता केस झटकायची आणि समोरचा शिंकायचा.

"हा घ्या गुलाबी दगड," ती मुलांना शेडमध्ये दाखवत होती. "घराच्या पायऱ्यांना, रस्त्याच्या कडेला, कुठेही मिळतो. याच्या पोटात पोटॅश आहे. ते पिकांचं जेवण. पण दगड ते सोडत नाही. ऊन, पाऊस, वारा खात बसला तर हजारो वर्षांनी थोडं थोडं सोडेल."

"मग थांबायचं," ढेकूळ म्हणाला.

"तू थांबशील रे. झाडाला तेवढा वेळ नसतो." आत्याने मागच्या भल्यामोठ्या पोलादी टाकीवर थाप मारली. "म्हणून हा माझा कुकर! दगडाचं पीठ, चुना, पाणी. झाकण बंद. खाली लाकडाचा भुसा, वरून आरशांनी आणलेलं ऊन. वाफेच्या दाबात एक रात्र शिजवलं की दगड मऊ पडतो आणि पोटॅश सुटं होतं. पाणी परत वापरायचं, उरलेलं सगळं शेतात टाकायचं. फेकायला काही उरतच नाही! नवा डोंगर फोडायला नको, समुद्रापलीकडून खत आणायला नको. हा ढीग वर्षानुवर्षं फुकट पडलाय."

"भारीच!" भोंगा म्हणाला. टाकी घुमली.

"भारी आहे, पण चालत नाहीये," आत्या हळूच म्हणाली.

शेडबाहेर दोन लाकडी वाफे होते. दोन्हींत खाणीचाच कच, एकसारखं शेणखत, एकच बी. तीन-तीन पानांचं बुटकं गवत ते. 'अ' वाफ्यात शिजवलेली भुकटी मिसळलेली, 'ब' वाफ्यात नुसतं कच्चं दगडाचं पीठ. 'अ' हिरवागार व्हायला हवा होता. पण दोन्ही वाफ्यांतली रोपटी सारखीच मरतुकडी होती. पानांच्या कडा करपून तपकिरी झालेल्या.

"भुकेची खूण आहे ही. पोटॅश नसलं की पानं कडांपासून जळतात," आत्या म्हणाली. "सहा वर्षं झाली. शनिवारी कार्यालयातून तपासणीला बाई येणार. दोन्ही वाफ्यांत फरक दिसला नाही तर शेडला कुलूप आणि कुकर भंगारात. नवीन घाणा शिजवायला आता ना भुसा आहे ना वेळ."

तिने केस झटकले. कुणीच शिंकलं नाही.

मंगळवारी सकाळी खाणीतून धुकं वर आलं. पाण्यातून निघून ते काठावर चढलं, शेडच्या दारात आलं आणि आत येऊ का असं विचारत असल्यासारखं उंबऱ्याशी थांबलं.

"चला, ढिगावर चढू. क्रशरकडे नाही, फक्त ढिगावर," भोंगा म्हणाला.

ढिगावर आत्याने पूर्वी तेच बी आणि थोडं शेणखत सगळीकडे सारखं फेकलं होतं. त्यातून पिवळे, सुतासारखे कोंब आले आणि तिथेच अडकले. ते बघवत नाही म्हणून आत्या इकडे फिरकायची नाही. वर सगळं राखाडी, पायाखाली मऊ, आणि आवाज? नावाला नाही. भोंगासुद्धा कुजबुजल्यासारखा ओरडत होता.

"इथे काहीतरी हिरवं आहे," ढेकूळ म्हणाला. तो दमून बसला होता आणि त्याच्या शेजारी ते होतं.

पाऊल.

माणसाचं पाऊल, टाचेपासून चवड्यापर्यंत नेमकं, आणि पूर्ण हिरवं! तीन पानांची दाट, ताजी रोपटी त्या पावलाच्या आकारातच उगवली होती. आकाराबाहेर एक पानही नाही. धुक्यात ते ओलं चमकत होतं, जणू कुणी आत्ताच पाय उचलला.

"तिकडे अजून एक," मोजपट्टी म्हणाली. 

मग अजून एक. आणि अजून एक. धुकं एकेक पाऊल दाखवत मागे सरकत होतं. मुलं त्यांच्या मागोमाग निघाली. पावलं स्टोअरच्या मागून सुरू होत होती, ढीग ओलांडत होती आणि पलीकडे उतरून थेट क्रशरच्या मागच्या भिंतीशी जात होती. तिथे दार नव्हतं. खूप वर एक खिडकी होती, बंद. शेवटच्या पावलाचा चवडा भिंतीला टेकला होता.

"म्हणजे तो भिंतीतून आत गेला?" ढेकळाने विचारलं.

मोजपट्टीने टेप काढली. काहीही झालं की ती आधी मोजायची. त्यामुळे घाबरायला उशीर होतो. "तेवीस पावलं. लांबी अकरा इंच. सगळी क्रशरकडे जाणारी. परत येणारं एकही नाही." ती थांबली. मग परत पहिल्यापासून शेवटपर्यंत चालत गेली आणि आली.

"काय गं? बोल ना!"

"सगळी डावी आहेत," मोजपट्टी म्हणाली.

मुलांनी स्टोअरकाकांना गाठलं तेव्हा ते कुलपं ओळीने लावून पुसत होते.

"काका, तुमचं भूत खरं आहे!"

"आहेच मुळी," काका सहज म्हणाले.

"आम्ही पावलं पाहिली. हिरवी. फक्त डावी. क्रशरच्या भिंतीत जाणारी."

काकांच्या हातातलं कुलूप खाली पडलं. चेहरा ढिगासारखा राखाडी झाला.

"फक्त... डावी?"

"तुम्हीच म्हणालात ना!"

"मी म्हणालो," काका पुटपुटले, "पण ते मी... म्हणजे ते तसं नव्हतं ना रे..." त्यांनी फडक्याने स्वतःचंच कपाळ पुसलं आणि आत निघून गेले.

"काका त्या भुताला घाबरले," ढेकूळ म्हणाला.

"ते ठीक आहे," मोजपट्टी विचार करत म्हणाली. "पण काल सांगताना नव्हते घाबरले. आज का घाबरले?"

पुढचे तीन दिवस तिने तेच केलं जे तिला येत होतं. प्रत्येक पावलाशेजारी एक काडी रोवली, काडीला नंबर दिला, रोज सकाळी रोपांची उंची मोजली आणि वहीत लिहिली. पावलाच्या आत किती, पावलाबाहेर वीतभर अंतरावर किती. बाहेरची रोपटी दीड सेंटिमीटरला अडकली होती आणि त्यांच्या कडा जळत होत्या. आतली सात, आठ, नऊ! कडा हिरव्याकंच.

"त्याचा पाय पडतो तिथे झाडाला जेवण मिळतं," ढेकूळ म्हणाला. "चांगलं भूत आहे."

आणि रोज दुपारी दोनला, ढिगावर बसलेलं असताना, भिंतीमागून तेच. घर्रर्र... खट्. मुलं एकमेकांकडे बघायची आणि हळूच उठून शेडकडे चालू लागायची. आत्याला यातलं काही सांगावं असं दोनदा ठरलं, दोनदा राहिलं. ती वाफ्यांपाशी उकिडवी बसून रोपट्यांकडे अशी बघायची, की तिच्याशी भुताबद्दल बोलणं बरं दिसलं नसतं.

शनिवारी सकाळी ढेकूळ शेडच्या पायरीवर आपटला. गुडघा खरचटला. आत्याने स्वयंपाकघरातून हळद आणून ओली करून थापली आणि बाईंना आणायला स्टेशनवर गेली. तिच्या हातात फाइल होती आणि तोंडावर काही नव्हतं.

मुलं शेवटची मापं घ्यायला ढिगावर गेली. धुकं अजून उठलं नव्हतं. ढेकूळ अकराव्या पावलाशी वाकला, गुडघा त्या पावलात टेकला आणि काडी सरळ केली. उठला तेव्हा भोंग्याने असा आवाज काढला की खाणीने तो तीनदा परत केला.

"रक्त!"

ढेकळाचा गुडघा लालभडक झाला होता. वरून खाली ओघळही आला होता.

"पण दुखत नाहीये," ढेकूळ म्हणाला.

"मग कुणाचं आहे?"

तिघांनी पावलाकडे पाहिलं. हिरव्या पानांच्या मुळाशी, जिथे गुडघा टेकला होता, तिथे राखाडी भुकटीतही लाल डाग होता. ओला. पाऊल रडत होतं म्हणा, किंवा रडण्यापेक्षा वाईट काहीतरी करत होतं. ढेकूळ मागे सरकायला लागला.

"हलू नकोस!" मोजपट्टी ओरडली आणि चक्क खाली बसली. "हळद होती ना? हळदीला चुना लागला की लाल होतं! शाळेत केलं होतं आपण. आणि आत्या दगड कशाबरोबर शिजवते?"

"चुन्याबरोबर!" भोंगा म्हणाला. कावळे पुन्हा उडाले.

"म्हणजे या पावलांत शिजवलेली भुकटी आहे. आत्याची!"

त्यांनी धावत जाऊन भांडंभर हळदीचं पाणी कालवलं. पावलात थेंब टाकला, लाल. पावलाबाहेर टाकला, पिवळा. दुसऱ्या पावलात, तिसऱ्या पावलात, लाल, लाल. मग तिघं वाफ्यांकडे पळाले. 'ब' वाफ्यात थेंब: पिवळा. तो पिवळाच असायला हवा होता. 'अ' वाफ्यात थेंब.

पिवळा.

"अरे देवा," मोजपट्टी म्हणाली. "आत्याची भुकटी वाफ्यात नाहीच. कधी नव्हतीच!"

"मग ती गेली कुठे?" भोंग्याने विचारलं.

शोधता शोधता दुपार झाली, आणि गेटवर गाडी थांबल्याचा आवाज आला.

शिक्केवाल्या बाईंना हे नाव मुलांनी पाच मिनिटांत दिलं. त्यांच्या पर्समध्ये शिक्का होता, गळ्यात दोरीला दुसरा होता, आणि त्या वाक्य संपवून समोरच्याच्या तोंडाकडे अशा बघायच्या की कपाळावर तिसरा उमटेल असं वाटावं.

"वाफा अ, रोपांची उंची दीड. वाफा ब, दीड," त्या लिहीत होत्या. "फरक, शून्य. मला वाईट वाटतं, पण 'मला वाईट वाटतं' असा रकाना यात नाही."

"मॅडम, माझं म्हणणं..." आत्या म्हणाली आणि पुढे तिला म्हणणंच सापडेना.

"आत्या, वाफ्यात तुझी भुकटीच नाहीये!" तिघं एकदम ओरडले. त्यात भोंगा होता, त्यामुळे ते नीट ऐकू गेलं.

मोजपट्टीने हळदीचा थेंब टाकून दाखवला. आत्या पिवळ्या डागाकडे बघत राहिली. मग ती ताडकन वळली. "पण मी आठ गोण्या भरून स्टोअरला दिल्या होत्या! प्रत्येकीवर खडूने 'शिजवलेलं' असं लिहून! स्टोअरकाका कुठे आहेत?"

स्टोअरकाका कुठेच नव्हते. बाईंनी घड्याळ पाहिलं. दोन वाजून दोन मिनिटं झाली होती.

घर्रर्र... खट्.

"हे काय आहे?" बाई म्हणाल्या. शिक्का धरलेला हात हवेतच राहिला.

"एका पायाचा माणूस," ढेकूळ म्हणाला. "या, दाखवतो."

आणि त्या खरंच आल्या. उंच टाचांनी भुकटीत रुतत, तेवीस हिरव्या पावलांच्या शेजारून, एकेक काडी आणि एकेक नंबर बघत. दुपार असूनही खाणीतलं धुकं पुन्हा वर चढलं होतं.  भिंतीपाशी पोचेपर्यंत त्यांनी आत्याचा दंड धरला होता. आवाज आता अगदी डोक्यावर होता. बंद भिंतीमागे काहीतरी श्वास घेत होतं, चावत होतं, पुन्हा श्वास घेत होतं.

"क्रशर बंद आहे ना?" बाईंनी कुजबुजत विचारलं.

"नऊ वर्षं," आत्या तितक्याच हळू म्हणाली.

मोजपट्टीने लोंबणारी लोखंडी पन्हळ पाहिली. तिचं दुसरं तोंड वर, भिंतीच्या आत होतं. आवाज तिच्यातूनच येत होता. आणि जिथून आवाज येतो तिथून आवाज जातोही. तिने भोंग्याच्या कानात काहीतरी सांगितलं.

भोंग्याने पन्हळीत तोंड घातलं. शाळेबाहेर पहिल्यांदाच त्याला कुणी ओरडायला सांगितलं होतं.

"माझा... उजवा... पाय... कुठे... आहेऽऽऽ?"

घर्रर्र थांबलं.

एक क्षण काहीच झालं नाही. मग आतून अशी किंकाळी आली की बाईंच्या हातून शिक्का निसटला. वरची खिडकी धाडकन उघडली आणि आभाळातून एक बूट पडला.

डावा.

तो शिक्केवाल्या बाईंच्या पुढ्यात उपडा पडला. बुटाचा तळ पुढून सुटला होता, उघड्या जबड्यासारखा. त्या जबड्यातून बारीक राखाडी भुकटी भुरूभुरू बाहेर सांडत होती. ढेकूळ पुढे झाला आणि त्याने त्यावर हळदीचं पाणी ओतलं.

बूट लालभडक झाला.

"आणि भुकटी मऊ आहे," ढेकूळ बोटांत चोळत म्हणाला. "कच्ची खरखरीत असते."

खिडकीतून स्टोअरकाकांचं डोकं बाहेर आलं. केस विस्कटलेले. "गेला का तो?" त्यांनी विचारलं.

वर, क्रशरच्या खोलीत, आठ गोण्या दोन-दोनच्या चार ओळींत नीट मांडल्या होत्या. वर चादर. चादरीला एक सुरकुती नाही.

"अहो, झोपायला!" स्टोअरकाका काकुळतीने सांगत होते. "दुपारी जरा पाठ टेकावी म्हणून. या मऊ होत्या, बाकीच्या टोचायच्या. मागून खांद्यावर आणल्या आणि दोरीने खिडकीतून वर ओढल्या. एका गोणीच्या कोपऱ्याला भोक होतं, स्टोअरात भुकटी सांडायची, तीच त्या बुटात जायची. आठ खेपा, त्याच त्याच खळग्यांत पाय ठेवून. ढिगावर घसरतं ना! रोज येतो तो पुढून, काँक्रीटवरून."

"जाताना बूट भरलेला आणि येताना रिकामा," मोजपट्टी म्हणाली. "म्हणून पावलं एकाच बाजूला जाणारी. उजवा बूट शाबूत, म्हणून उजवं पाऊल नाही. आणि तो आवाज म्हणजे तुमचं घोरणं! पन्हळीतून येणारं!"

"मी घोरत नाही," काका म्हणाले. एवढ्या सगळ्यात त्यांना तेवढंच लागलं.

"पण गोण्यांवर मी लिहिलं होतं ना!" आत्या म्हणाली.

"खडूने होतं. पुसलं मी. घाण दिसत होतं." काकांनी मान खाली घातली. "मग दोन्ही वाफ्यांना सारख्याच गोण्या दिल्या. म्हटलं, पीठ ते पीठ. आणि भुताची गोष्ट कुणी झोप मोडू नये म्हणून बनवली होती. पण पोरांनी डावी पावलं पाहिली म्हटल्यावर पाच दिवस मला झोप नाही! इथे येऊन पडलो की तेवढी लागते."

बाईंनी आठही गोण्या मोजून घेतल्या. आत्या कुकरच्या दिशेने बघत होती. गोण्या सापडल्या होत्या, पण वाफे तर फुकट गेले होते. तपासणी आज होती आणि आज दाखवायला काही नव्हतं.

मोजपट्टीने वही पुढे केली. "मॅडम, वाफे नसले तरी पावलं आहेत. तेवीस. तोच कच, तेच बी, तेवढंच शेणखत. आतली उंची, बाहेरची उंची, चार दिवसांची. फरक फक्त भुकटीचा."

बाईंनी पहिलं पान वाचलं. मग दुसरं. मग त्या सगळं वाचत उभ्या राहिल्या, आणि वाचून झाल्यावर खाली जाऊन चौदावं पाऊल स्वतः मोजलं.

"वीस वर्षांत मी गोल वाफे पाहिले, चौकोनी पाहिले," त्या म्हणाल्या. "पावलाच्या आकाराचे तेवीस वाफे आणि प्रत्येकाशेजारी तुलनेची जागा, असा नीट प्रयोग मी पाहिलेला नाही. काम चालू राहील. दोन वर्षं मुदतवाढ." आणि मग, रकाना नसतानाही, "मुलांनो, शाब्बास!"

आत्याने तिघांना एकदम मिठी मारली. तिघं एकदम शिंकले.

बूट मात्र त्यांनी जप्त केला. अर्जात त्याची नोंद 'भुकटी समान अंतरावर पेरण्याचे साधन, एक नग' अशी झाली. स्टोअरकाकांनी उरलेली भुकटी त्याच संध्याकाळी 'अ' वाफ्यात स्वतः मिसळली, उजवा बूट आणि डावी चप्पल घालून. गोण्यांवर आता ऑइल पेंटने लिहितात. काका ते रोज पुसून बघतात. जात नाही.

निघायच्या दिवशी सकाळी मुलं शेवटचं खाण बघायला गेली. धुकं पाण्यावर टेकून होतं. काठावर, जिथे कुणी गोणी नेली नव्हती, बी फेकलं नव्हतं, जिथे नुसता काळा खडक आहे, तिथे ढेकूळ बसला. आणि हळूच उठला.

त्या खडकात एक पाऊल उगवलं होतं. अनवाणी. पाचही बोटं स्पष्ट. पाण्यातून नुकतंच बाहेर आल्यासारखं, पाण्याकडे टाच आणि शेडकडे बोटं. पानं मोजपट्टीच्या तळहाताएवढी.

तिने हळदीचं पाणी टाकलं. पिवळंच राहिलं.

"उजवं आहे," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिने टेप काढली नाही.

भोंगाही हळू बोलला. "काका म्हणाले होते ना, गोष्ट त्यांनी बनवली होती?"

आत्याने रीतसर कार्यालयाला कळवलं. पंधरा दिवसांनी शिपाई आला आणि काठावर एक पाटी ठोकून, मागे न बघता निघून गेला. ती अजून तिथे आहे:

"प्रति, उजव्या पावलाचे मालक, मुक्काम खाणीतील पाणी. विषय: आपल्या प्रक्रियेची माहिती मिळणेबाबत. महोदय, आपण पूर्वपरवानगीशिवाय उघड्या खडकावर एक (१) पाऊल हिरवे केले असून, त्यातील पाने मान्य भुकटीवरील पानांपेक्षा सहापट मोठी आढळली आहेत. तरी आपण दगड किती वेळ शिजवता, किती तापमानास, व चुना वापरत नसल्यास काय वापरता, याचा तपशील तीन प्रतींत कार्यालयीन वेळेत समक्ष सादर करावा. येताना ओळखीचा पुरावा व दुसरा पाय सोबत आणावा, आणि भिंतीतून न येता दाराने यावे, ही विनंती."